मदत हवी आहे: रॉ फोटोंसाठी परवडणारं सॉफ्टवेअर कोणतं?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. वर्षभरापूर्वी सेकंडहँड कॅमेरा घेतला, आता रॉमध्येच (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) फोटो काढतो.

आषाढात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, टिपला. एका फोटोत चिखलाने माखलेला पोरगा हसतोय, दात तेवढे पांढरे. पण डोळे काळोखात गेलेत आणि मागचं पावसाळी आभाळ पांढरंफटक दिसतंय. जेपेग (कॅमेऱ्याने आकसून दिलेली तयार फाइल) उजळायला गेलो तर चिखलावर नुसते ठिपके. रॉ फाइलमध्ये तपशील शिल्लक आहे, तो बाहेर काढायचाय. हा फोटो मला वाया घालवायचा नाही.

लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरचे पैसे दर महिन्याला भरणं सध्या जमणार नाही, अजून कामं मिळत नाहीत. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही तशीच सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट. डार्कटेबल टाकून बघितलं. मास्क लावून (फोटोचा तेवढाच भाग निवडून) फक्त चेहरा उजळता येतो, हे फार आवडलं. पण त्यात मॉड्यूल (फोटो सुधारायची वेगवेगळी साधनं) इतकी की सुरुवात कुठून करावी कळेना.

लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एवढ्यावर डार्कटेबल कोणी रोज चालवतं का? की नवशिक्याला रॉथेरपी बरं? पणजी-म्हापशाकडे कोणी समोर बसून दाखवणार असेल, तर रविवारी लॅपटॉप घेऊन येतो.