अनुभव धागा: कोणत्या गिटारवादकामुळे गिटार हातात घेतली आणि त्याच्याकडून नेमकं काय उचललं?

गिटार शिकायला बसलेल्या बहुतेकांच्या मागे कोणीतरी एक वादक उभा असतो. त्याच्यासारखं वाजावं म्हणून सुरुवात होते आणि पुढे हाताला वळण लागतं तेही त्याचंच. इथे कौतुक थोडक्यात आणि हाताचं वर्णन सविस्तर लिहा: कोणतं बोट कुठे पडतं, तारा किती जाडीच्या, ट्यूनिंग कोणतं, कुठे बिघडतं आणि का. आठवणी नकोत, नवशिक्याला आजच करून बघता येईल असं हवं. तारांची मोजणी नेहमीची: सगळ्यात बारीक ती पहिली, सगळ्यात जाड ती सहावी.

कोमल_गंधार

बी. बी. किंग. कमी सुरांत बोलता येतं हे ज्याला पटवायचं असेल त्याला आधी हाच माणूस ऐकवावा. त्यांचं बरंचसं वादन एका छोट्या चौकोनात बसतं. ए हा सा धरला तर दुसऱ्या तारेच्या १० व्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर) तर्जनी, तोच सा. त्याच तारेवर १२ ला रे. पहिल्या तारेवर १० ला म आणि १२ ला प. तिसऱ्या तारेवर ९ ला खालचा प आणि ११ ला ध. एवढीच जागा.

खरी गंमत त्या १२ व्या फ्रेटवरच्या रे मध्ये आहे. तिथून तार अर्धा सूर (एका फ्रेटइतकी) ओढली की कोमल ग, पूर्ण सूर ओढली की शुद्ध ग. आणि या दोघांच्या मधे जो ग आहे तो ब्लूजचा. आपल्याकडे श्रुती ऐकायची सवय असलेल्या कानाला तो पटकन सापडतो, पण बोटाला सापडायला वेळ लागतो.

तार ओढायची पद्धत अशी. अनामिका फ्रेटवर, तिच्या मागे मधलं बोट आणि तर्जनी त्याच तारेवर आधाराला. अंगठा मानेवरून वर आलेला, तर्जनीचं मूळ मानेच्या खालच्या कडेला टेकलेलं. तिथून मनगट फिरवायचं, कुलपात किल्ली फिरवतात तसं. बोटांच्या जोराने ढकलत बसलं की दोन गोष्टी होतात: सूर अर्ध्यात थांबतो आणि बोटं लवकर दुखतात. रोजचा व्यायाम म्हणजे आधी १४ व्या फ्रेटवर जायचा तो सूर साधा वाजवायचा, मग १२ वरून ओढून तिथेच पोचायचं. ट्यूनर समोर ठेवावा. बहुतेकांचा बेंड (ओढलेला सूर) थोडा खालीच राहतो आणि कानाला त्याची सवय होऊन बसते.

व्हायब्रेटोत (सूर किंचित हलवत ठेवण्यात) मात्र ते अंगठा मानेवरून सोडायचे. फक्त तर्जनीचं टोक तारेवर, बाकी बोटं मोकळी पसरलेली, आणि पूर्ण हात थरथरतो. मेट्रोनोम ६० ला लावा. पहिला ठोका सूर सरळ धरा, दुसऱ्या ठोक्यात चार आंदोलनं. दर वेळी सूर मूळ जागी परत आला पाहिजे. तो वरच लोंबकळत राहिला तर व्हायब्रेटोऐवजी बेसूर ऐकू येतं.

जाड_तार

वरच्या प्रतिसादाला जोडून. बेंड ऐकून लोक ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनकडे जातात आणि ते ०.०१३ इंचाच्या तारा लावायचे हे वाचून तशाच आणतात. कृपया आणू नका. ते गिटार अर्धा सूर खाली लावायचे हे अनेकदा वगळून सांगितलं जातं, आणि तरीही त्या तारा कठीणच. इलेक्ट्रिकवर सुरुवातीला ०.००९ किंवा ०.०१० चा संच पुरे. तारेची जाडी बदलली की मानेवरचा ताण बदलतो, त्यामुळे ट्रस रॉड (मानेतली ताण सांभाळणारी सळई) आणि इंटोनेशन (फ्रेटवरचे सूर अचूक लागणं) पुन्हा बघावं लागतं. १२ व्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता पट्टीवर नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळवा. दाबलेला सूर चढा असेल तर त्या तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे सरकवा, उतरा असेल तर पुढे घ्या.

अंगठा_आधी

अकूस्टिकवाल्यांची बाजू मांडतो. मर्ल ट्रॅव्हिस, त्यांना ऐकून चेट ॲटकिन्स, आणि चेटना ऐकून टॉमी इमॅन्युएल. तीन पिढ्यांची ही साखळी. ट्रॅव्हिस वाजवायचे अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच. चेटनी ते फक्त रेडिओवर ऐकलं होतं, हात दिसला नव्हता, म्हणून त्यांनी तसाच परिणाम साधायला अंगठ्याबरोबर दोन-तीन बोटं वापरली. एकाच आवाजाकडे जायचे हे दोन रस्ते आहेत, आपल्या हाताला जो जमेल तो घ्यावा.

पाया अंगठ्याचा. सी कॉर्ड धरा, पण अनामिका सहाव्या तारेच्या ३ वर आणि करंगळी पाचव्या तारेच्या ३ वर ठेवून. आता अंगठा: पाचवी, चौथी, सहावी, चौथी. चार ठोके, चार आघात, पुन्हा तेच. उजव्या तळव्याची कड खालच्या तिन्ही जाड तारांवर अगदी ब्रिजपाशी टेकवायची. एक सेंटिमीटर पुढे सरकली की सूर मरतो आणि नुसती टकटक उरते, मागे गेली की खर्ज घुमत राहतो आणि वरची चाल बुडते. ही जागा शोधण्यात वेळ घालवावा, त्याचं सोनं होतं.

अंगठा चालू असताना शेजारच्याशी बोलता आलं की पुढची पायरी. पहिल्या ठोक्यावर अंगठ्याबरोबरच मधल्या बोटाने पहिली तार चिमटीत उचला. ते बसलं की तोच सूर दोन ठोक्यांच्या मधोमध टाका. इथेच नव्वद टक्के मंडळी अडखळतात, कारण चाल जिकडे जाईल तिकडे अंगठा ओढला जातो. उपाय एकच: वेग ५० वर आणा आणि एकेका मात्रेचा तुकडा वेगळा घोटा. गाणं सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा वाजवण्याने हा दोष जात नाही, उलट पक्का होतो.

थंब पिक (अंगठ्यात घालायची नखी) घेणार असाल तर तो सैल नको. अंगठ्यावर फिरला की तार चुकते. प्लॅस्टिकचा असेल तर गरम पाण्यात बुडवून हलका दाबून आपल्या अंगठ्याच्या मापाचा करता येतो.

दोन_बोटं

जँगो राइनहार्ट. १९२८ साली राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी आखडली, त्यामुळे सोलो जवळजवळ सगळे तर्जनी आणि मधल्या बोटावर. ती दोन आखडलेली बोटं कॉर्ड धरताना तेवढी कामी यायची. त्यांचं वाजवणं गळ्यात उतरवायचं असेल तर चारही बोटांनी ते सूर काढू नका. हाताला दोन बोटांचीच अट घाला, मगच कळतं की त्यांच्या ताना मानेवर तिरक्या का धावतात.

उदाहरणार्थ ए मायनरचा अर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक). सहाव्या तारेवर ५ आणि ८, पाचवीवर ७. तोच आकार पुढे: चौथीवर ७ आणि १०, तिसरीवर ९. पुन्हा तोच: दुसरीवर १० आणि १३, पहिलीवर १२. तीन सप्तकं, एकच आकार. हात मात्र दर वेळी पुढे सरकतो.

उजव्या हाताचा नियम याहून महत्त्वाचा. नवी तार आली की आघात खालीच, मग आधीचा आघात खाली असो वा वर. म्हणजे वरच्या उदाहरणात: खाली, वर, खाली, आणि पुन्हा खाली, वर, खाली. खालचा आघात झाल्यावर पिक पुढच्या तारेवर टेकून थांबतं, त्या टेकण्यातूनच तो ठसठशीत आवाज येतो. पिक जाड हवं, किमान दोन मिलिमीटर. पातळ पिक वाकतं आणि टेकायच्या आत उसळतं. मनगट किंचित वाकलेलं, तळवा ब्रिजवर न टेकता अधांतरी. रॉकची सवय असलेल्यांना हे अधांतरी ठेवणं सुरुवातीला फार अवघड जातं, पण तळवा टेकला की हा आवाज निघतच नाही.

सा_खाली

जँगोंचं नाव आलं म्हणून ब्लॅक सॅबथचे टोनी आयोमी. पत्र्याच्या कारखान्यात यंत्रात सापडून फ्रेट दाबायच्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. जँगोंची तबकडी ऐकून त्यांना पुन्हा उभारी आली. प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, तारा बारीक केल्या आणि पुढे १९७१ च्या सुमारास गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. हेवी मेटलचा तो जड आवाज या सगळ्यातून आला.

हिशेब सांगतो, कारण इथे फार गोंधळ असतो. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. अर्धा सूर खाली गेलं की ताण साधारण ११ टक्के कमी, तीन अर्धस्वर खाली गेलं की २९ टक्के कमी. तोच ताण परत हवा असेल तर जाडी १.१९ पट करावी लागते, म्हणजे ०.०१० ची जागा ०.०१२ घेते. बारीक तारांवरच खाली उतरलात तर हात हलका ठेवा. सैल तार जोरात दाबली की सूर चढतो, आणि पॉवर कॉर्ड (फक्त सा आणि प चा कॉर्ड) बेसूर लागतो तो ॲम्पचा दोष नसतो.

उलटी_गिटार

जिमी हेंड्रिक्स. उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून तारा मात्र डावखुऱ्याच्या क्रमाने लावलेल्या. त्यामुळे ब्रिजजवळचं तिरकं पिकअप (तारेचा आवाज टिपणारं चुंबक) उलट्या दिशेने तिरकं होतं: जाड तारांचा आवाज कडक, बारीक तारांचा मऊ.

शिकण्यासारखा आहे तो अंगठा. आठव्या फ्रेटवर सी कॉर्ड: अंगठा वरून सहाव्या तारेवर, तर्जनी पहिल्या दोन तारांवर आडवी, मधलं बोट तिसरीच्या ९ वर, अनामिका चौथीच्या १० वर. आता करंगळी मोकळी राहिली. तिने दुसऱ्या तारेवर ८ वरून १० वर हॅमर केलं (तार पुन्हा न छेडता बोट आपटलं) की प वरून ध, आणि कॉर्ड चालू असतानाच चाल सुरू. पूर्ण बार कॉर्डमध्ये (तर्जनी सहाही तारांवर आडवी) ही मोकळीक मिळत नाही. अंगठा पोचत नसेल तर गिटारचं डोकं वर उचला आणि मानेचा कोन वाढवा. तरीही जमत नसेल तर सहावी तार सोडून द्या, बँडमध्ये तो सूर बेसवाला देतोच.

त्यांच्या नावाने ओळखला जाणारा ई ७ शार्प ९ हा कॉर्डही करून बघा: पाचवी तार ७, चौथी ६, तिसरी ७, दुसरी ८, खाली सहावी मोकळी. चौथी ते दुसरी या तारांवर शुद्ध ग, कोमल नी आणि कोमल ग. दोन्ही गंधार एकत्र वाजतात, म्हणून तो असा चावरा लागतो.

सोळा_मात्रा

सोलोंवरच सगळं बोलणं चाललंय, ऱ्हिदमचं कोणी तरी लिहायला हवं. नाइल रॉजर्स ऐका. वरच्या तीन-चार तारांवरचे छोटे कॉर्ड आणि मनगट कधीही न थांबणारं. मेट्रोनोम ६० ला, ठोक्याला चार आघात, डावा हात तारांवर नुसता टेकलेला. आधी एक मिनिट फक्त खसखस. मग चारपैकी एकाच आघातावर कॉर्ड दाबायचा, दर मिनिटाला तो आघात बदलायचा. लोक शांत जागी उजवा हात थांबवतात आणि तिथेच लय हलते. शांतता डाव्या हाताने आणायची.

यू टू या बँडच्या एजचं वेगळं. त्याचा इको गाण्याच्या वेगाला बांधलेला असतो. ६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला पडणाऱ्या ठोक्यांनी) भागा, त्याला ०.७५ ने गुणा. १२० च्या गाण्याला ३७५ मिलिसेकंद. इकोची पातळी मूळ आवाजाच्या जवळपास, आवर्तनं दोन-तीन. आपण ठोक्याला दोनच सूर वाजवायचे, मधल्या जागा इको भरतो. ड्रमर क्लिकवर (कानात वाजणाऱ्या मेट्रोनोमवर) नसेल तर हे दहा सेकंदांत विस्कटतं.

मींड

ब्रिजभूषण काब्रांनी हवाईयन गिटारवर राग वाजवला तो १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' मुळे घरोघरी पोचला. पुढे विश्वमोहन भट्टांनी चिकारी आणि तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा घडवली, त्यांना १९९४ साली ग्रॅमी मिळालं. घरातल्या साध्या गिटारवर सुरुवात करायची तर नटवर (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) बसणारी उंच पट्टी लावा, म्हणजे तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. गिटार मांडीवर आडवी. स्टीलचा बार फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर यायला हवा. बोटाने दाबताना आपण पट्टीच्या मागे दाबतो, ती सवय इथे नडते आणि प्रत्येक सूर उतरा लागतो. बारमागची बोटं तारांवर हलकी टेकलेली ठेवा, नाहीतर बारच्या मागचा तुकडाही वाजतो. मींड घेताना पोचायचा सूर आधी गाऊन घ्यावा. बार जड असेल तर सूर जास्त टिकतो, पण दाब देऊ नये, त्याचं वजनच पुरतं.

पाच_तारा

रोलिंग स्टोन्सचे कीथ रिचर्ड्स, ओपन जी (मोकळ्या तारा छेडल्या की जी कॉर्ड वाजतो असं ट्यूनिंग). सहावी तार काढून टाका. पाचवी ए वरून जी ला, पहिली ई वरून डी ला उतरवा, बाकी तीन तशाच. तर्जनी पाचही तारांवर आडवी ठेवली की एक कॉर्ड. त्यातच मधलं बोट दुसऱ्या तारेवर एक फ्रेट पुढे आणि अनामिका चौथीवर दोन फ्रेट पुढे ठेवली की दुसरा, आणि बोटं उचलली की परत पहिला. त्यांचं निम्मं ऱ्हिदम या उचल-ठेवीत आहे. तार उतरवताना हव्या त्या सुराच्या थोडं खाली जाऊन मग वर चढवा. नुसती उतरवून सोडली तर ती नटच्या खाचेत अडकते आणि दोन मिनिटांत सूर आणखी पडतो.