उतारावरचे बारा बंगले आणि ‘भक्कम भिंत बांधली की झालं’

कडेपठार
कालच्या सेकंड होमच्या धाग्यात ‘पायाभरणी’ यांनी लिहिलंय: ‘मुळशीकडे दोन एकर उतार, बारा बंगले सहज बसतात. मागे भक्कम आरसीसी भिंत बांधली की झालं. १:५ पेक्षा (पाच मीटरला एक मीटर चढ) तीव्र उतारावर बांधायचं नाही हा नियम बाबूंनी टेबलावर बसून केलाय.’ तिथे प्रतिसाद फार लांबला, म्हणून वेगळा धागा.

भिंतीचं नंतर बघू, आधी रस्ता काढून दाखवा. ६ मीटर रस्ता, आतून १ मीटर गटार, म्हणजे ७ मीटर सपाटी. सगळी डोंगर छाटून काढली आणि कापाला १:१ ढाळ दिला, तर १:५ च्या उतारात काप पावणेदोन मीटर उंच होतो. १:३ मध्ये साडेतीन. तीनशे मीटर रस्त्याला १:३ वर ३,६७५ घनमीटर, म्हणजे तेराशे ब्रास. खोदल्यावर फुगून सोळाशे. चार ब्रासचा हायवा डंपर धरला तरी चारशे खेपा. त्या कोण करतो? पोकलेनवाला माल खालच्या कडेला लोटतो, वरून रोलर फिरवतो, आणि त्या भरावावर तुमचे सात ते बारा नंबरचे बंगले उभे राहतात. दोन-तीन पावसाळ्यांत भराव बसतो आणि ओटा व पायरी यांच्यात बोट जाईल एवढी फट पडते.

आता भिंत. ४ मीटर उंचीला कोरड्या मुरमाचा रेटा मीटरमागे पाचेक टन. मागे माथ्यापर्यंत पाणी तुंबलं की साडेदहा. तुमची भक्कम भिंत यातल्या कुठल्या आकड्यावर काढली आहे?

पायाभरणी
माझं अर्धं वाक्य उचलून धागा काढलात, आभार. भिंतीला मागचं पाणी बाहेर सोडणारी वीप होल असतात हे मला माहीत नाही असं गृहीत धरलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

१:५ बद्दल बोला ना. टोपोशीटवर, म्हणजे सरकारी भू-नकाशावर, २० मीटरच्या समोच्च रेषा. त्यावरून उतार काढला की अख्खा गट एका रंगात. तोच गट टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने अर्ध्या मीटरवर मोजा, मधे १:८ चे चांगले टप्पे निघतात आणि शेजारी १:२ चा उभा पट्टाही. नियम सरासरी बघतो, पोकलेन जागा बघतो. आणि उतार बंद केलात की सगळे सड्यावर, माथ्यावरच्या सपाटीवर, चढतात. तिथलं गवत आणि पाणी मुरणं गेलं तर चालतं?

बाकी माळीण, तळिये, इर्शाळवाडी कोणी काढायच्या आत सांगतो: तिथे आरसीसी बंगले नव्हते.

तांबडाथर
नव्हतेच. म्हणूनच ती उदाहरणं तुमच्या विरोधात जातात. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये १५१ माणसं गेली ती वरून आलेल्या डोंगराखाली. हद्दीबाहेरचा डोंगर तुमच्या सातबाऱ्यावर नसतो, येतो मात्र तुमच्याच अंगणात. अर्ध्या मीटरचा सर्व्हे हद्दीवर थांबवू नका, वरच्या धारेपर्यंत न्या.

आणि वीप होल म्हणे! ७५ मिमीचे पाइप दीड-दीड मीटरवर, दिसायला छान. काँक्रीट आत जाऊ नये म्हणून तोंडात सिमेंटची पिशवी कोंबतात, ती तशीच राहते. मागे खडी नाही, जिओटेक्स्टाइलचं गाळणकापड नाही, नुसता चिकट मुरूम. ३०० मिमी खडीचा पडदा आणि तळाशी १५० मिमीचा भोकांचा पाइप १:१०० ढाळात हवा. त्यात दोन कातळांमधला तांबडा थर कापात उघडा पडला असेल, तर ऑगस्टमध्ये भिंतीमागे झराच असतो. दोन-तीन वीप होलचं ते काम नाही.

निचरा_बघा
सगळे पावसाच्या पाण्यावर. घरातलं सांडपाणी कुठे जातं ते बोला. १२ घरं, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर वापर: रोज ८,१०० लिटर. ब्रोशरवर ‘सेप्टिक टँक + शोषखड्डा’. मुरण्याची चाचणी करतात एप्रिलमध्ये, निकाल झकास. जुलैत त्याच खड्ड्यात भूजल वर आलेलं असतं. मग तीन नंबरचं पाणी नऊ नंबरच्या मागच्या भिंतीतून, तुमच्याच वीप होलमधून, वासासकट बाहेर.

पायाभरणी
म्हणून एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा, करतात, साहेब. तुमच्याकडे अजून पोचली नाही का?

निचरा_बघा
उपहास ठेवा खिशात. शनिवार-रविवारची घरं आहेत ही. पाच दिवस जिवाणू उपाशी, शनिवारी एकदम बारा घरांचा लोंढा, त्यात वीज गेली की जिवाणूंना हवा देणारा ब्लोअर बंद. गाळ तरंगून बाहेर येतो. त्यापेक्षा लोंढा साठवून हळूहळू सोडणारी समतोल टाकी, मग आडपडद्यांची हवाबंद टाकी, मग खडी आणि कर्दळीचा वाफा. पाणी ढाळानेच पुढे जातं, ब्लोअर लागत नाही.

कडेपठार
आणि गाळ उपसणार कसा? मैलागाडी रस्त्यावर उभी, टाकी आठ मीटर खाली. निर्वात पंपाने व्यवहारात सहा-सात मीटरच्या पुढे ओढत नाही. खालच्या रांगेच्या टाक्या भरल्या की भरल्या!

तांबडाथर
हा मुद्दा सुटला होता. टाक्या वरच्या रस्त्यापासून नाही, खालच्या रस्त्यापासून मोजायला हव्यात.

पायाभरणी
पण खालचा रस्ता म्हणजे आणखी तेराशे ब्रास ना? तुमचंच गणित.

कडेपठार
अगदी. म्हणून खालची रांगच नको.

उंबरठा
धाग्याचं काश्मीर, म्हणजे न संपणारं भांडण, व्हायच्या आत: गाड्या फाटकाशी ठेवा. वर १.२ मीटरची पायवाट, समोच्च रेषेला धरून. रस्ता तीनशेचा साठ मीटर होतो. घरं १२ मीटर खोल काढण्याऐवजी रेषेला समांतर ६ मीटर खोल काढा. १:५ वर जोत्यातला फरक २.४ वरून १.२ मीटरवर येतो, भिंतीची गरजच मोडते.

पायाभरणी
आणि ऐंशी वर्षांच्या आजींना न्यायला रुग्णवाहिका पायवाटेने येणार? अग्निशमनाचा बंब? गाडी दाराशी नसेल तर गिऱ्हाईक साइट बघायलाही उतरत नाही. नकाशे कागदावर काढणाऱ्यांचं ठीक आहे.

उंबरठा
साठ मीटरच्या शेवटी वळायला जागा ठेवली, तर बंबाचे पाइप बहुतेक घरांपर्यंत पोचतात. नागमोडी वळण घालायचं म्हटलं तर आयआरसी, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे, आतली त्रिज्या १४ मीटर आणि वळणात उतार १:४० पेक्षा जास्त नाही. दोन एकरांत अशी दोन वळणं बसवा, मग उरलेल्या जागेत बंगले मोजा.

पायाभरणी
मोजले. भरावावरची रांग काढली, उभ्या पट्ट्यातलं एक काढलं. पाच राहतात. बारांचा नकाशा मागे घेतो, नियम शहाणा होता म्हणून नाही, तुमचे ब्रास महाग आहेत म्हणून. गाडी मात्र दाराशीच.

तांबडाथर
पाच तर पाच. आता वरच्या हद्दीला पाणलोट चर काढा. वरचा डोंगर हेक्टरभर, तासाला १०० मिमी सर आणि ०.६ हा पाणी वाहून येण्याचा गुणांक धरला तर सेकंदाला १६७ लिटर. चर कुठे सोडताय?

पायाभरणी
ओढ्यात.

तांबडाथर
तुमच्या गटात ओढा दिसत नाही. शेजाऱ्याच्या गटात आहे.