मदत हवी आहे: भाऊ व्यायामाला टिकत नाहीये, काय करू?

लातूरची_ताई:
धाकट्या भावाला डॉक्टरांनी रोज व्यायाम सांगितलाय, मनासाठी. तीन दिवस गेला, मग बंद. काल बूट घातले, एका बुटाची नाडी बांधली आणि दुसरी हातात धरून अर्धा तास तसाच कॉटवर बसला होता. रूममेटने फोन करून सांगितलं. मी लातूरला, तो पुण्यात नवी पेठेत. टिकेल असा व्यायाम सांगा, जरा लवकर.

पर्वतीकर:
पहाटे पर्वती चढायला सांगा. 103 पायऱ्या, वर वारा, रोजचे ओळखीचे चेहरे. वडील गेल्यावर मी त्या पायऱ्यांवरच सावरलो.

मंदार७८:
सूर्यनमस्कार. 12 घातले तरी पुरे. खोलीतच होतात, पावसात खाडा नाही. श्वासाकडे लक्ष राहिलं की विचार थांबतात. पर्वतीने नुसता दम लागतो.

पर्वतीकर:
खोलीतच तर अडकलाय ना तो! चार भिंतींबाहेर, उन्हात जाणं हाच निम्मा उपाय.

स्नेहल_क:
ताई, वय? करतो काय? निदान काय झालंय? गोळ्या चालू आहेत का?

लातूरची_ताई:
26. एमपीएससी, तिसरा अटेम्प्ट गेला. डिप्रेशन म्हणालेत. रात्री दोनपर्यंत अभ्यासिकेत असतो. मी व्यायामाचं विचारलंय हो.

भाकरीवाला:
मेसची पोळी बंद, ज्वारीची भाकरी सुरू. माझं चार महिन्यांत 6 किलो उतरलं.

लातूरची_ताई:
वजनाचा प्रश्नच नाहीये. उलट त्याचं उतरलंय.

अधिकारी_व्हायचंय:
पूर्व गेली की मुख्य? 2025 पासून मुख्य वर्णनात्मक झाली, आमच्या अभ्यासिकेत सगळेच टेन्शनमध्ये आहेत.

स्नेहल_क:
रात्री दोनला झोपणाऱ्याला पहाटेची पर्वती नको. झोप मोडेल, आणि नाही जमलं की आणखी एक हरल्याची भावना. मी स्वतः या आजारातून गेलेय. संध्याकाळी मेसला जाताना 10 मिनिटं जास्तीचं चालायचे, एवढंच. मैत्रीण खाली येऊन उभी राहायची म्हणून उतरायचे. इच्छा होईल मग जाऊ म्हटलं असतं तर कधीच गेले नसते. आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करावा म्हणतात, ते पुढचं पुढे. गोळ्यांचं सांगितलं नाहीत.

लातूरची_ताई:
सर्ट्रालिन, तीन आठवडे झाले. पण गुरुवारपासून त्याने घेतलीच नाही. व्यायामाने होणार असेल तर गोळी कशाला, म्हणतो.

मंदार७८:
बरं झालं. त्या गोळ्यांची सवय लागते.

स्नेहल_क:
मंदार, कृपा करून असं लिहू नका, ताईंचा भाऊ हे वाचत असेल. त्या गोळीचं व्यसन लागत नाही. ताई, आजच डॉक्टरांना फोन करा. गुण यायला 4 ते 6 आठवडे लागतात, आणि आपल्या मनाने एकदम सोडली की चक्कर, चिडचिड, झोप उडणं होऊ शकतं. त्याला व्यायाम हवाच, पण गोळीच्या जोडीला. आणि जीव नकोसा झालाय का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे: 14416, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात.

पर्वतीकर:
पहाटेचं मागे घेतो. मी जवळच राहतो. संध्याकाळी साडेसहाला त्याच्या बिल्डिंगखाली येऊन उभा राहीन, सारसबागेपर्यंत चालू. तुम्हाला खाजगी मेसेज केलाय.

लातूरची_ताई:
डॉक्टरांशी बोलले, उद्या घेऊन या म्हणालेत. त्यालाही विचारलं. खूप रडला, पण तसं काही मनात नाही म्हणाला. रात्रीच्या गाडीने निघतेय. पर्वतीकर दादा, उद्या साडेसहाला आम्ही दोघं खाली उतरतो.