पाण्याच्या टाकीवर चित्रस्पर्धा घ्यायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या गावात नवी उंच टाकी उभी राहिली. माणशी रोज ५५ लिटर, हा जलजीवन मिशनचा हिशोब. पण टाकी पंचायतीची, आपली नव्हे, असंच सगळ्यांना वाटतं. परवा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साचलं होतं. बाया तिथंच वाकून हंडे भरत होत्या, पण गळती कुणीच कळवली नाही. मला ते फार लागलं.

म्हणून पाणी समितीत मी चित्रस्पर्धा सुचवली. विहीर ते नळ हा पाण्याचा प्रवास मुलांनी काढायचा आणि निवडलेली चित्रं टाकीच्या खांबांवर रंगवायची. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारण स्पर्धेसाठी तीन तालुक्यांतली ११६ गावं श्रमदानाला उतरली होती. चुरस लागली की गाव हलतं, हे तेव्हा दिसलं.

मुलं येतीलच, पण मोठ्यांना कसं ओढायचं? नुसती बक्षिसं वाटून फोटो काढायचे नाहीत मला. पाणी सोडणाऱ्या काकांना परीक्षक करावं का? गळती शोधून देणाऱ्या घराला गुण ठेवावेत का? आणि उन्हापावसात टिकणारा रंग कोणता? कुणी असं केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत विषय मांडायचा आहे.