कोळसा संपल्यावर गावाने काय करायचं? खनिज निधीतून क्लीन एनर्जी रिसर्च सेंटर मागावं का?

काळी_माती (वणी तालुका)
नमस्कार मंडळी. आमच्या गावाला लागून जुनी ओपनकास्ट (वरून उघडी खोदलेली) कोळसा खाण आहे आणि आता जो तो म्हणून राहिला की हिचं आयुष्य फार उरलं नाही, कोणी म्हणते दहा वर्षं, कोणी म्हणते पंधरा, खरं कोणालेच माहीत नाही. गावातली निम्मी घरं या ना त्या प्रकारे खाणीवर चालतात. कोणाची जमीन गेली म्हणून दोन एकराला एक नोकरी लागली, कोणी ठेकेदाराकडे हेल्पर आहे, कोणाचा टिप्पर कर्जावर फिरतो, कोणी बाहेरच्या ड्रायव्हर लोकांना रूम भाड्याने दिल्या, आणि फाट्यावरच्या चहा-समोशाच्या टपऱ्या पण त्यांच्याच भरवशावर. आता येत्या ग्रामसभेत गावातले शिकलेले पोट्टे एक ठराव आणून राहिले की जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या, म्हणजे खाणीची झळ बसलेल्या भागासाठी जिल्ह्यात जो खनिज निधी जमतो त्याच्या, पैशातून आपल्या भागात सोलर, बायोमास (काडीकचऱ्याचं इंधन), बॅटरी असं रिसर्च सेंटर मागायचं, म्हणजे कोळशाचं उत्पन्न गेलं की त्याच्या जागी ते उभं राहील. ऐकायला झकास वाटते. पण मले हेच समजत नाही की रिसर्च सेंटरमधून गावाला पैसा येतो कुठून, तिथं तर पीएचडीवाले बसतील, आमच्या दहावी-आयटीआयच्या पोरायले कोण विचारते. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, हात वर करायच्या आधी थोडं समजून घ्यावं म्हणतो. माहितगारांनी सांगावं, उगाच राजकारण नको.

शिफ्ट_बी
भाऊ पहिले हे ठरवा की कोणाचं उत्पन्न जाणार हाय. कोळशावर रॉयल्टी १४ टक्के, ते राज्य सरकारले जाते. त्या रॉयल्टीच्या ३० टक्के वरून खनिज प्रतिष्ठानले. म्हणजे समजा टनाचा भाव २ हजार धरला तर २८० रुपये मुंबईले आणि ८४ रुपये जिल्ह्याच्या निधीत, आणि त्या ८४ मधून तुमच्या गावात काय आलं तर सभामंडप आणि पेव्हर ब्लॉक, तेही आले तर. मग गाव जगते कशावर? पगारावर. पर्मनंट माणसाच्या पगारावर घर, मोटरसायकल, पोरीचं लग्न, सोनाराचं दुकान सगळं चालते. तो माणूस रिटायर झाला का त्याच्या जागी दुसरा येत नाही, माती काढायचं काम सारं ठेक्यावर, तिथं बाराशे किलोमीटरवरून पोट्टे येतात. म्हणजे उत्पन्न दहा वर्षांनी नाही जाणार, ते आताच जाऊन राहिलं, फक्त हळूहळू जाते म्हणून दिसत नाही. तुमचं रिसर्च सेंटर लाख चांगलं असन पण एका खाणीत हजारभर माणूस लागते आणि लॅबमध्ये किती लागन? चाळीस? त्यातले वॉचमन आणि माळी आपले. हिशोब करूनच हात वर करा.

नागपूर_टू_घुग्घुस
वरच्याशी सहमत, पण अजून एक सांगतो, क्लीन एनर्जीच्या नावाने कोळशावर पैसा गोळा करायची आयडिया काही नवीन नाही. २०१० ला केंद्राने टनामागे ५० रुपये क्लीन एनर्जी सेस लावला, २०१४ ला १००, मग २०१५ ला २०० आणि २०१६ ला डायरेक्ट ४००. त्यासाठी राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी पण काढला होता. २०१७ ला जीएसटी आला आणि तोच ४०० रुपया राज्यांची भरपाई करायच्या खात्यात वळला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही बंद, त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी ५ चा १८ झाला. इतकी वर्षं आपल्या जमिनीतून निघालेल्या प्रत्येक टनावर क्लीन एनर्जीचं नाव होतं, सांगा बरं वणी-राजुरा-भद्रावतीत त्यातलं काय दिसते? म्हणून ठरावात नुसतं "सेंटर द्या" लिहू नका. पैसा कोणत्या खात्यात राहील, तिथून काढायचा अधिकार कोणाचा, हे लिहा. नाहीतर पुन्हा तेच.

मास्तर_चंद्रपूर
मी इंजिनिअरिंगला शिकवतो, त्यामुळे थोडं लांब लिहितो, सहन करा.

जगात हे प्रयोग झालेत आणि त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे. जर्मनीचा रूर भाग म्हणजे त्यांचं वणी-चंद्रपूर समजा. तिथे १९५८ च्या सुमारास दगडी कोळशाला मंदी लागली आणि शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, म्हणजे साठ वर्षं लागली. इतका मोठा औद्योगिक पट्टा पण तिथे १९६० पर्यंत एकही विद्यापीठ नव्हतं, बोखुमचं विद्यापीठ १९६५ ला सुरू झालं, म्हणजे खाणी चालू होत्या, पैसा येत होता तेव्हा. हा मुद्दा लक्षात घ्या. त्याच बोखुममध्ये १९६२ ला खाणीच्याच जागेवर मोटारींचा कारखाना आणला होता, हजारोंना काम मिळालं, तो २०१४ ला बंद पडला. विद्यापीठ आजही चालू आहे. पण शिफ्ट_बी म्हणतात ते पण खरं आहे, विद्यापीठाने खाणकामगाराला काम दिलं नाही, दिलं असेल तर त्याच्या मुलीला, नातवाला दिलं.

उलटं उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं. कोमाटी नावाचं १००० मेगावॅटचं औष्णिक केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद केलं आणि तिथे सोलर, बॅटरी, ट्रेनिंग सेंटर करायचं ठरलं, वर्ल्ड बँकेने ४९७ दशलक्ष डॉलर मंजूर केले. आजूबाजूच्या लोकांची तक्रार एकच, कामं आधी गेली आणि नवीन गोष्टी मागाहून आल्या, त्याही थोड्या. क्रम चुकला की पैसा असूनही लोक नाराज होतात.

आता आपल्याकडचं. खनिज निधीच्या २०२४ च्या सुधारित नियमात एक फार कामाची तरतूद आहे आणि तिच्याबद्दल गावात कोणी बोलत नाही. ज्या जिल्ह्यात वर्षाला १० कोटींच्या वर निधी जमतो तिथे वार्षिक जमेच्या १० टक्क्यांपर्यंत रक्कम एन्डोमेंट फंड, म्हणजे पुढच्यासाठी राखून ठेवलेला निधी, म्हणून बाजूला ठेवता येते, खाणकाम थांबल्यावर तिथल्या लोकांच्या उपजीविकेसाठी. तुमच्या ठरावाचा पहिला मुद्दा हा असू द्या. दुसरं, प्रत्येक खाणीचा क्लोजर प्लॅन (खाण बंद करायचा आराखडा) असतो आणि त्यासाठी कंपनीला एस्क्रो खात्यात, म्हणजे त्याच कामासाठी अडकवून ठेवलेल्या खात्यात, पैसे भरावे लागतात, २००९ च्या नियमात ओपनकास्टला हेक्टरी ६ लाख होते, नंतर वाढले. आपल्या खाणीचा क्लोजर प्लॅन मागवून घ्या. त्यात बंद व्हायचं अंदाजे वर्ष लिहिलेलं असतं, म्हणजे दहा की पंधरा हा वाद मिटेल.

आणि सेंटरचं म्हणाल तर बॅटरीची केमिस्ट्री वगैरे विसरा, ते बंगलोर-पुण्याला होतं आणि होत राहील. इथे तेच संशोधन टिकेल ज्याचा कच्चा माल इथेच पडलाय.

पांढरं_सोनं
मास्तर कच्चा माल म्हणजे पऱ्हाटी, कापूस वेचल्यावर उरलेली झाडं, म्हणून राहिले का? असं असन तर मी बोलते. आमचा बचत गट आहे, मारेगावकडचा. औष्णिक केंद्रांनी कोळशात बायोमास पेलेट (काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या) मिसळायचे असं केंद्राचं २०२१ चं धोरण आहे, ५ टक्क्यापासून सुरुवात, त्यामुळे मागे एक जण पेलेटच्या मशीनचं कोटेशन घेऊन आला होता, सबसिडी आहे, माल हातोहात जातो, असं सगळं सांगून गेला. आम्ही बायांनी बसून हिशोब केला. कोरडवाहू एकरातून वाळलेली पऱ्हाटी निघते टनभर, कधी कमी. ती उपटायची चिमट्याने, बांधावर आणायची, बारीक करायची. वाळलेली पऱ्हाटी ट्रॉलीत भरली तर दिसायले डोंगर आणि वजन काहीच नाही, वाहतुकीतच मेलं सगळं. म्हणून कुट्टी शेतातच झाली पाहिजे, त्याले ट्रॅक्टरवरचं श्रेडर लागते आणि एका गटाले ते परवडत नाही.

फायदा पण आहे, नाही कसा. बोंडअळीसाठी कृषीवाले दरवर्षी सांगतात फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक लांबवून कापूस) घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत वावर मोकळं करा. लोक ऐकत नाहीत कारण उपटायची मजुरी कोण देणार. पऱ्हाटीले भाव आला तर लोक स्वतःहून उपटतील आणि गुलाबी अळीचं चक्र तुटन, हा फायदा पेलेटच्या पैशापेक्षा मोठा आहे असं मले वाटते.

पण एक गोष्ट कोणी रिसर्चवाला विचारत नाही. आज पऱ्हाटी उपटून कोण नेते? ज्याचं वावर नाही ती बाई. वावरवाल्याचं वावर साफ होते आणि तिले वर्षाचं सरपण मिळते, पैशाचा व्यवहारच नाही. उद्या टनाले भाव लागला की वावरवाला म्हणन हात नको लावू. गॅसचं सिलिंडर घरात आहे हो, पण भरते कोण दर महिन्याले. तुमच्या सेंटरने पहिले याचं उत्तर काढावं.

मास्तर_चंद्रपूर
ताई, तुम्ही जे लिहिलं तेच रिसर्च आहे, फक्त आम्ही लोक त्याला इंग्रजीत लिहून कॉन्फरन्सला नेतो.

प्रमाण समजावं म्हणून सांगतो. ५०० मेगावॅटचं एक युनिट पूर्ण भाराने चाललं तर दिवसाला ७-८ हजार टन कोळसा लागतो. त्याचे ५ टक्के म्हणजे रोज साडेतीनशे-चारशे टन पेलेट, म्हणजे रोज तितक्याच एकरांची पऱ्हाटी, एका युनिटला. आणि चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. मागणी कमी पडणार नाही, अडचण गोळा करण्यात आणि साठवण्यात आहे, कारण पऱ्हाटी दोन-तीन महिन्यांत येते आणि बॉयलर बारा महिने चालतो. शिवाय अशा काडीकचऱ्याच्या राखेत पोटॅश, क्लोरीन असतं, बॉयलरच्या नळ्यांवर थर धरतं, म्हणून प्लांटवाले कां-कूं करतात. यावर काम करायला नागपूरला सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेचं जिनिंग ट्रेनिंग सेंटर आहे, सिरकॉटने पऱ्हाटीच्या पार्टिकल बोर्डवर बरंच काम केलंय, वर्ध्याला एमगिरी (ग्रामीण उद्योगांची संस्था) आहे, नागपूरला नीरी (पर्यावरण संशोधन संस्था) आणि व्हीएनआयटी (इंजिनिअरिंग संस्था) आहे. नवीन बिल्डिंग बांधण्यापेक्षा यांचं एक फील्ड स्टेशन तुमच्या तालुक्यात मागा. खर्च कमी आणि माणसं तयार.

शिफ्ट_बी
बिल्डिंग नाही तर मग ठेकेदार कसा खूश होईन मास्तर 😄 उद्घाटन कायचं करतीन?

ताईचं मात्र पटलं.

उन्हाळी_फिटर
मी सोलर फिटिंगचं काम करतो, घरावरचे पॅनल आणि शेतातले पंप दोन्ही. आयटीआय इलेक्ट्रिशियन, बस्स. काळी_माती भाऊंनी विचारलं दहावी-आयटीआयवाल्याले कोण विचारते, तर सांगतो. खाणीच्या रस्त्याच्या बाजूचे पॅनल आणि आतल्या गावचे पॅनल यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. रस्त्याकडच्या पॅनलवर आठ दिवसात काळा थर बसतो, दव पडलं की तो चिकटते, खालच्या पट्टीजवळ लेप जमा होतो आणि सर्वात आधी खालच्या ओळीचे सेल मार खातात. कोणी कोरड्या फडक्याने घासते, काचेवर चरे पडतात. कोणी बोअरच्या पाण्याने धुते, पाणी जड, वाळलं की पांढरे डाग, ते निघतच नाहीत.

वरून ऊन. लोकांले वाटते चंद्रपूरचं ४६-४७ म्हणजे सोलरची चांदी. पॅनलवरचा आकडा २५ डिग्रीचा असतो. मे महिन्यात दुपारी पॅनल ६५ च्या घरात जातो, वरच्या प्रत्येक डिग्रीले ०.३५ टक्क्याच्या आसपास कमी होते, म्हणजे ५४० वॅटचा पॅनल ४६५ वर येतो, धूळ वेगळी. कोणत्या अँगलने लावला, छतापासून किती उंच ठेवला, कधी धुतला, कशाने धुतला, याने किती फरक पडते हे आपल्या भागाच्या धुळीवर आणि आपल्या उन्हात कोणी बसून मोजलंय का? कंपनीचं मॅन्युअल तर दुसऱ्याच कोणत्या देशाचं असते. हे मोजायले पीएचडी नाही लागत, क्लॅम्प मीटर, थर्मामीटर आणि रोज वही लिहिणारा माणूस लागते. आणि आता तर सौर कृषी वाहिनीत (शेतीपंपांच्या विजेसाठी सोलर प्लांट उभारायची सरकारी योजना) जमीन भाड्याने देऊन राहिले, हेक्टरी सव्वा लाख वर्षाले, दरवर्षी ३ टक्के वाढ. ते एवढे मोठे प्लांट धुणार कोण, दुरुस्त कोण करणार? बाहेरूनच येतीन माणसं, जसे डंपरवर आले तसे.

काळी_माती (वणी तालुका)
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळन असं वाटलं नव्हतं. पोरांसोबत काल पारावर बसलो, थोडी बाचाबाची झाली (एकाले बिल्डिंगच पाहिजे होती, त्याच्या काकाचं सेंट्रिंगचं काम आहे), पण ठराव बदलला. आता असा आहे: एन्डोमेंट फंड यंदापासून बाजूला काढावा आणि त्याचा हिशोब दरवर्षी ग्रामसभेत वाचावा, खाणीचा क्लोजर प्लॅन मराठीत गावाला द्यावा, नागपूर-वर्ध्याच्या संस्थांचं फील्ड स्टेशन तालुक्यात सुरू करावं, त्यात अर्धी पदं मोजमाप-दुरुस्तीची आणि खाणीपासून १५ किलोमीटरच्या आतल्या पोरा-पोरींसाठी, आणि पऱ्हाटीचा कोणताही प्रोजेक्ट आला तर भूमिहीन बायांचं सरपण आधी धरून मगच. शिफ्ट_बी भाऊ, यानं खाणीइतका पगार येणार नाही हे पण ठरावाच्या वर स्पष्ट लिहिलं, म्हणजे उद्या कोणी म्हणू नये फसवलं.

अजून एक, फिटर भाऊ, ते धुळीचं मोजायचं काम आम्ही निधीची वाट न पाहता सुरू करू शकतो का? शाळेच्या छतावर जागा आहे.

उन्हाळी_फिटर
करा ना, कायले थांबता. माझ्याकडे दोन जुने सेम कंपनीचे पॅनल पडून आहेत, एकाची फ्रेम वाकली आहे पण करंट बरोबर देते. पहिले दोन्ही धुवून एक दिवस सोबत मोजा, म्हणजे मुळातला फरक किती ते कळन. मग एक रोज पुसा, एकाले हातच लावू नका, दोघांचा शॉर्ट सर्किट करंट (पॅनलच्या दोन्ही वायरी थेट जोडल्यावर वाहणारा करंट) दुपारी बाराला घ्या. संक्रांतीनंतर सुरू केलं तर पावसापर्यंतचा आकडा हाती येते. रविवारी वणीच्या बाजारात असतो मी, गाडी घेऊन या.

पांढरं_सोनं
वही लिहायले आमच्या गटाच्या दोन पोरी येतील, बारावी सायन्सच्या आहेत. फक्त शाळेच्या छतावर जायची शिडी नीट लावा, मागच्या पंधरा ऑगस्टले ती हलत होती.