इंजिनिअरिंगच्या मुलाने आधी काय घ्यावं: कॅमेरा की पेन टॅब्लेट?

मांडवीकर: बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे इंजिनिअरिंग कॉलेजात, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा आहे, फोटो आणि डिजिटल चित्र दोन्हींचा नाद, खिशात ४० हजार, असं धरा. माझं मत: कॅमेरा नको. बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट (पाटीवर पेन फिरवलं की रेघ लॅपटॉपवर उमटते) घ्यावा, फोटो फोनवर रॉमध्ये (सेन्सरची कच्ची माहिती जपणारी फाइल) काढावेत, उरलेले पैसे लॅपटॉपच्या रॅममध्ये घालावेत. ए३ चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३५०८ × ४९६१ पिक्सेलचं होतं. पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक लेअर (चित्राचा एक थर) जवळपास ७० एमबी, ३० लेअरचे २ जीबी, अनडूसाठी (मागे फिरायला) जपलेल्या पायऱ्यांचं वेगळंच. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर बाजूला कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) उघडं असेल तर ब्रश अडखळतो आणि शिव्या टॅब्लेटला बसतात.

सुरसागर काठ: रॅमचा हिशोब मान्य, बाकी नाही. फोन घेऊन गरब्याला उभे राहा म्हणजे कळेल. फोनचा ‘१/२ इंची’ म्हणवणारा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) ६.४ × ४.८ मिमी, म्हणजे ३१ चौ. मिमी. अशा कॅमेऱ्यातला एपीएस-सी सेन्सर साधारण ३६६. ॲपर्चर (लेन्सचं उघडणं, एफ/ आकडा) तेच असेल तर बारापट प्रकाश. त्यात ५० हर्ट्झच्या विजेवरचे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/१०० सेकंद ठेवलं की सगळे फोटो सारखे येतात, पण घागऱ्याचा घेर पुसट होतो. घेर गोठवायला १/२५० लावलं की एक फोटो उजळ, पुढचा काळपट-पिवळा. कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर उजेड चढेपर्यंत थांबून मग शटर सोडतं. फोनवर जमवून दाखवा.

मांडवीकर: बारापट, पण कुठल्या लेन्सवर? या पैशात जुन्या बॉडीसोबत (लेन्सशिवायचा कॅमेरा) १८-५५ मिमीची किट लेन्स, म्हणजे सोबत येणारी साधी झूम, पदरात पडते. ५५ वर ती एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (आकडा मोठा तितकं भोक लहान), म्हणजे फोनच्या एफ/१.८ च्या दहावा हिस्सा प्रकाश. तुमचे बारापट तिथेच संपले! आणि अँटी-फ्लिकर जुन्या स्वस्त बॉडीत सहसा नसतंच. असलं तरी स्टेजच्या एलईडी पडद्यांची लुकलुक वेगळ्या वेगाची असते, तिथे ते हात टेकतं.

राजमहाल रोड: म्हणूनच किट लेन्स घेऊ नका, ३५ मिमी एफ/१.८ घ्या. ५० स्वस्त मिळते, पण एपीएस-सीसारख्या क्रॉप (छोट्या) सेन्सरवर ती ७५ सारखी वागते, आणि मांडवीच्या गल्ल्यांत मागे सरकावं तर पाठीला भिंत. जुनी लेन्स घेताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती फंगस, भाव पाडून घेण्यातही अर्थ नाही. पावसाळ्यात हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा.

रंगपेटी: कॅमेऱ्यावरच किती भांडाल! टॅब्लेटही पहिल्याच दिवशी दगा देतो. टॅब्लेटची रुंदी-उंची १६:१०, स्क्रीनची १६:९. ड्रायव्हर (टॅब्लेट चालवणारं सॉफ्टवेअर) सगळा पृष्ठभाग सगळ्या स्क्रीनवर ताणतो आणि गोल काढला की आडवं अंडं उमटतं. हात नकळत त्याची भरपाई करायला शिकतो, मग कागदावर गोल उभट येतो. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याची खूण करा, टॅब्लेटची खालची पट्टी वाया जाते ती जाऊ द्या. दाबाचा आलेखही (किती दाबलं की रेघ किती जाड) थोडा मऊ करा, नाहीतर जाड रेघेसाठी पेन दाबून दाबून टोक झिजतं आणि मनगट धरतं. चित्रं काढायचं कृता फुकट आहे, सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका.

सुरसागर काठ: रंगपेटीताई, मुद्दा मान्य. पण फोटो आणि चित्र यांत निवड करायला लावणंच मला खटकतं. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले, त्यांना कुणी एकच निवड म्हटलं असतं तर?

मांडवीकर: निवड कायमची नाही हो, ४० हजारांपुरती आहे. टॅब्लेट आणि रॅम आत्ता घ्या. नवरात्रात दोन रात्री बॉडी भाड्याने आणा, आणि लेन्स ३५ च मागा. न सांगितल्यास किट लेन्सच गळ्यात मारतात.