मदत हवी आहे: जुनो (अलास्का), ग्लेशिअर स्वतः बघावा की जहाजाच्या टूरने?

देवगडकर_७८
मंडळी, अलास्का क्रूझ बुक झाली आहे. जुनोला जहाज साडेआठ तास थांबतं. मेंडेनहॉल ग्लेशिअर बघायचाच आहे, देवमासे बघायचे आहेत आणि जमलं तर हेलिकॉप्टरने बर्फावर उतरायचंय. जहाजाच्या टूर माणशी भलत्याच महाग आहेत, पण त्यांच्यावरची सूट आज रात्रीपर्यंतच आहे. स्वतः गेलं तर निम्म्या पैशांत होतं असं ऐकलं. बस, टॅक्सी की त्यांची टूर, एवढंच सांगा. बाकी सगळं ठरलेलं आहे. लवकर सांगा प्लीज.

रानवाटा
साडेआठ तास म्हणजे किती ते किती? महिना कोणता? माणसं किती आणि वयं काय? जुनोत सकाळी सातला लागणारं जहाज आणि दुपारी एकला लागणारं जहाज यांचं गणित वेगळं असतं.

सागरतीर
सिटी बस. डोळे झाकून. मेन स्ट्रीट आणि ईगन ड्राइव्हच्या कोपऱ्यावर बसस्थानक आहे, तिथून ३ किंवा ४ नंबरची बस घ्या. मोठ्यांना २ डॉलर. सुटे पैसे बरोबर मोजून ठेवा, चालक परत देत नाही. पाऊण तासात मेंडेनहॉल लूप आणि ग्लेशिअर स्पर रोडच्या फाट्यावर उतरवते. तिथून सरळ डांबरी रस्त्याने चालत जायचं.

रानवाटा
@सागरतीर, ते 'चालत' किती हे लिहा की. फाट्यापासून व्हिजिटर सेंटर जवळजवळ अडीच किलोमीटर आहे. जाऊन-येऊन पाच. ग्लेशिअरजवळची पायवाट त्यात धरलेली नाही.

देवगडकर_७८
चार जण आहोत. मी, बायको, मुलगा ९ वर्षांचा, आई ७२. आईचा गुडघा दुखतो, सपाटीवर अर्धा-पाऊण किलोमीटर चालते, पुढे बसावं लागतं. ऑगस्टचा दुसरा आठवडा. जहाज दुपारी १ ला लागतं आणि रात्री ९.३० ला सुटतं.

रानवाटा
मग बस बादच. ऑगस्टमध्ये पाऊसही बऱ्यापैकी असतो, तुलनेने कोरडे महिने एप्रिल ते जून. आईंना त्या फाट्यावरून पावसात चालवू नका.

सागरतीर
जाताना टॅक्सी, येताना बस असंही करता येतं. उगाच शेकडो डॉलर का घालवायचे?

रानवाटा
येतानाच तर अडचण असते. जाताना टॅक्सी बंदरावर उभीच असते. ग्लेशिअरपाशी मोबाईलची रेंज कमकुवत, ॲपवर गाडी मिळेलच असं नाही, आणि शहरात गाड्याच मोजक्या. टॅक्सी करायची तर परतीची वेळ त्याच चालकाशी आधी ठरवायची. बंदरावरून ग्लेशिअर सुमारे २० किलोमीटर, पंचवीस-तीस मिनिटं लागतात.

बर्फाळ_वाट
शटलचं कोणी बोललंच नाही. डॉकजवळून सुटते, जाऊन-येऊन पन्नास डॉलरच्या आसपास. पण ग्लेशिअरची जागा अमेरिकेच्या वनखात्याची आहे, टाँगस राष्ट्रीय वनात येते, आणि व्यावसायिक गाड्यांनी किती माणसं न्यायची यावर परवान्याची मर्यादा आहे. त्यामुळे पाच जहाजं लागलेल्या दिवशी ऐनवेळी तिकीट मिळत नाही. चार जणांचे दोनशे होतात, ते बघता टॅक्सी फार महाग पडत नाही.

माझा सल्ला: देवमासे आणि ग्लेशिअर एकाच गाडीत करणारी जोड-सहल घ्या, जहाजाकडून नाही, स्थानिक कंपनीकडून. बोटी शहरातून सुटतच नाहीत, ऑक बे मधून सुटतात, आणि ऑक बे आणि मेंडेनहॉल दोन्ही शहराच्या एकाच बाजूला आहेत. वेगवेगळं बुक केलंत तर तोच रस्ता चारदा कापाल. तुमच्या वेळेत असं बसतं:
१.३० ला जहाजावरून उतरणं, २ ला बस, पावणेतीनला बोट, सव्वापाचपर्यंत धक्क्यावर परत. साडेपाच ते सात ग्लेशिअर. साडेसातला बंदरावर. सगळ्यांनी जहाजावर असण्याची वेळ बहुधा ९ असेल, म्हणजे दीड तास हातात राहतो.

जहाजी_मुक्ता
स्थानिक कंपनी स्वस्त पडते हे खरं. पण जहाजाची टूर उशिरा परतली तर जहाज थांबतं, बाहेरच्यांसाठी थांबत नाही. ७२ वर्षांच्या आईंना घेऊन ती जोखीम कशाला?

बर्फाळ_वाट
दीड तास राखलेला आहे आणि रस्ता एकच, वीस किलोमीटरचा. जोखीम हेलिकॉप्टरची आहे. ढग खाली आले की उड्डाण तास-दोन तास पुढे ढकलतात किंवा रद्दच करतात. कंपनीने रद्द केलं तर पैसे परत येतात, पण तोवर बोट चुकलेली असते. हेलिकॉप्टर आणि देवमासे पाठोपाठ कधीही बुक करू नका.

देवगडकर_७८
हेलिकॉप्टर मुलासाठी हवं होतं. किती पडतं?

बर्फाळ_वाट
माणशी चारशे डॉलरच्या पुढेच. कपड्यांसकट वजन करतात, कारण आसनं वजनाच्या तोलानुसार देतात. साधारण ११३ किलोच्या वर असाल तर बहुतेक ठिकाणी जादा पैसे. बुटांवर चढवायचे वेगळे बूट तेच देतात. आईंना दगड-बर्फाच्या उंचसखल पृष्ठभागावर उतरावं लागेल, ते मला योग्य वाटत नाही. मुलासाठी करायचंच असेल तर तुम्ही आणि मुलगा हेलिकॉप्टर, वहिनी आणि आई ग्लेशिअर, असं वाटून घ्या आणि देवमासे सोडा.

अलिबागची_अनू
आईंबद्दल लिहिते. व्हिजिटर सेंटरला लिफ्ट आहे. फोटो पॉइंटची वाट फरसबंद आहे, एका बाजूने जेमतेम अर्धा किलोमीटर, चाकाची खुर्चीही जाते. तिथून तळं, त्यापलीकडे ग्लेशिअर आणि उजवीकडे नगेट फॉल्स हा धबधबा असं सगळं एका नजरेत दिसतं. नगेट फॉल्स ११५ मीटर उंच आहे. त्याच्या पायथ्यापर्यंत वाट बरीचशी सपाट पण खडीची, एका बाजूने दीड किलोमीटरच्या वर. ती तुम्ही आणि मुलाने करा, सव्वा तास धरा.

आणि ऑगस्टचा एक मोठा फायदा आहे. तिथल्या स्टीप क्रीक या ओढ्यात जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत सॉकाय सामन मासे चढतात आणि काळी अस्वलं त्यांच्यामागे येतात. वाट लाकडी फळ्यांची, जमिनीपासून उंचावर. आई कठड्याला टेकून उभ्या राहतील आणि खाली लालभडक मासे पाण्यात जागच्या जागी शेपट्या मारताना दिसतील. गर्दीत पुढे घुसू नका, वनरक्षक सांगतील तिथे थांबा. प्रवेश माणशी ५ डॉलर, १५ वर्षांपर्यंत मोफत.

अस्वलांमुळेच तिथल्या वाटांवर पाण्याशिवाय काहीही खायला-प्यायला न्यायला मनाई आहे. दशम्या, चिवडा, लाडू, मुलाचं बिस्किट, काहीच नाही. बसमध्ये किंवा बोटीवर खाऊन घ्या.

सागरतीर
बंद डबा पिशवीत असला तर कोण बघतंय?

अलिबागची_अनू
अस्वल बघतं. डब्याचा वास त्याला लांबून येतो. माणसाच्या खाण्याची सवय लागलेलं अस्वल शेवटी मारावं लागतं. नियम त्यासाठी आहे, दंडासाठी नाही.

शिवडीचा_वारा
तुम्ही ग्लेशिअर बे या राष्ट्रीय उद्यानातून जाणारी क्रूझ का नाही घेतली? तिथे दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात, वनरक्षक जहाजावर येऊन माहिती सांगतात, आईंना चालायलाच नको. गॅलरीतून ग्लेशिअर.

देवगडकर_७८
अहो जहाज बुक झालंय. मी जुनोचं विचारतोय.

रानवाटा
ऑगस्ट म्हणालात म्हणून एक गोष्ट राहायला नको. मेंडेनहॉलच्या वरच्या अंगाला सुइसाइड बेसिन म्हणून खोलगट जागा आहे. उन्हाळाभर तिथे वितळलेलं पाणी साठतं आणि बर्फाखालून वाट सापडली की एकदम खाली येतं. २०११ पासून हे होतंय, आणि २०२३, २०२४, २०२५ या तिन्ही वर्षी ऑगस्टमध्ये मोठे पूर आले. २०२५ चा १३ ऑगस्टला, म्हणजे नेमका तुमचा आठवडा. बंदराला काही होत नाही, ते गॅस्टिनो खाडीवर आहे. पण तळ्याची पातळी चढली की नगेट फॉल्सची वाट पाण्याखाली जाते आणि ग्लेशिअरचा परिसर बंद करतात. त्या दिवसांत हवामान खात्याच्या जुनो कार्यालयाचं पान सकाळी बघा. परिसर बंद असेल तर माउंट रॉबर्ट्सची ट्राम हा पर्याय: डॉकवरूनच सुटते, सहा मिनिटांत साडेपाचशे मीटरवर नेते. ढग असले तर मात्र वर काही दिसत नाही, खालून डोंगराचा माथा दिसतोय ना ते बघून मगच तिकीट काढा.

नागझिरा
अलास्कातल्याच स्कॅगवे बंदराला थांबा असेल तर व्हाइट पासची रेल्वे सोडू नका. १८९८ ते १९०० मध्ये सोन्याच्या धावपळीत बांधली, दोन रुळांमधलं अंतर ९१४ मिलिमीटर. आपल्या माथेरानच्या गाडीचं ६१० आहे, म्हणजे तिच्यापेक्षा रुंद. ३२ किलोमीटरमध्ये पावणेनऊशे मीटर चढते. खिंडीपर्यंत जाऊन न उतरता परत येणारी फेरी घ्या. कॅनडातल्या फ्रेझर किंवा कारक्रॉसपर्यंत जाणाऱ्या फेऱ्यांना कॅनडाची कागदपत्रं लागतात. अर्थात कॅनडाचा व्हिजा तुमच्याकडे असेलच.

देवगडकर_७८
कॅनडाचा व्हिजा कशाला? सिॲटलहून निघून सिॲटललाच परत आहे. अमेरिकेतून अमेरिकेत.

जहाजी_मुक्ता
थांबा. टूर बुक करू नका अजून. शेवटून दुसऱ्या दिवशी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबा आहे का? आणि कोणाचे पासपोर्ट कोणते?

देवगडकर_७८
हो, व्हिक्टोरिया आहे, रात्री आठ ते बारा. आम्ही उतरणार नाही. मी एच-१बी (नोकरीचा व्हिजा), बायको एच-४ (जोडीदाराचा), आई बी-२ (पर्यटक) वर जुलैत येणार, तिघांचे भारतीय पासपोर्ट. मुलगा अमेरिकन.

जहाजी_मुक्ता
उतरा किंवा उतरू नका, जहाज कॅनडात जातं. १८८६ चा अमेरिकी कायदा आहे: परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन त्याच बंदराला परत यायचं तर वाटेत एखादं परदेशी बंदर लागतं. म्हणून व्हिक्टोरिया. सिॲटलच्या धक्क्यावर चेक-इनलाच कॅनडाचा व्हिजा बघतात आणि नसेल तर चढू देत नाहीत, पैसेही परत मिळत नाहीत. अमेरिकेचा व्हिजा असला तरी भारतीय पासपोर्टला तो लागतोच. ग्रीनकार्ड असतं तर लागला नसता.

तिघांनी आज ऑनलाइन अर्ज भरा. व्हिजिटर व्हिजा, शुल्क माणशी १०० कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटोचे ८५. ठसे १४ ते ७९ वयाला लागतात, म्हणजे आईंनाही. पूर्वी दिले असतील तर दहा वर्षं चालतात.

रानवाटा
आईंचं आधी. ठशांचं पत्र आलं की त्या भारतातच व्हीएफएस (व्हिजाचे अर्ज घेणारी कंपनी) केंद्रात देतील. मंजुरी आल्यावर पासपोर्ट तिथेच जमा करून व्हिजाचं स्टिकर लावून घ्यायचं, त्यालाही दिवस जातात. जुलैत विमानात बसायच्या आधी स्टिकर हातात हवं, नाहीतर अमेरिकेतून पासपोर्ट पोस्टाने पाठवत बसावं लागेल. अर्जात क्रूझचं बुकिंग, मार्गाचा तक्ता, अमेरिकेचा व्हिजा आणि तुमचं खर्च उचलण्याचं पत्र जोडा. व्हिक्टोरियाची तारीख तक्त्यावर अधोरेखित करा.

देवगडकर_७८
हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. बायकोच्या पासपोर्टवरचा एच-४ व्हिजाचा शिक्का संपलाय, आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू आहे. ती परत येऊ शकेल ना?

जहाजी_मुक्ता
कॅनडात तीस दिवसांच्या आत राहून परत येणाऱ्याला संपलेल्या शिक्क्यावर प्रवेश देण्याचा नियम आहे, आय-९४ चालू असली पाहिजे आणि तिथे असताना अमेरिकेच्या नव्या व्हिजाचा अर्ज करायचा नाही. आय-९४ आणि आय-७९७ (एच-४ मंजूर झाल्याची नोटीस) छापून सोबत ठेवा, मोबाईलवर नको. चेक-इनवरच्या कर्मचाऱ्याला हा नियम माहीत असेलच असं नाही, म्हणून क्रूझ कंपनीकडून आधी ईमेलवर लेखी उत्तर घ्या. कॅनडाच्या अर्जालाही हेच आय-७९७ जोडायचं.

बर्फाळ_वाट
क्रूझचे उरलेले पैसे भरायची शेवटची तारीख कधी आहे?

देवगडकर_७८
पुढच्या शुक्रवारी.

बर्फाळ_वाट
त्याच्याआधी रद्द केलं तर साधारण अनामत परत येते किंवा थोडीच जाते, नंतर दर आठवड्याला कापणी वाढते. प्रवासविमा व्हिजा नाकारल्याचे पैसे बहुतेक वेळा देत नाही, अटी वाचा. सोमवारी कंपनीला फोन करून त्याच जहाजाची पुढची फेरी, सप्टेंबरच्या सुरुवातीची, बदलून मिळते का विचारा. अस्वलं तेव्हाही असतात, पाऊस मात्र वाढतो.

देवगडकर_७८
आईचा अर्ज उघडलाय. तिच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे, सगळं नाव एकाच ओळीत. अर्जात कसं भरू? क्रूझच्या बुकिंगवर मी आडनाव वेगळं लिहिलंय.

जहाजी_मुक्ता
कॅनडाच्या अर्जात पूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात लिहा, पहिल्या नावाचा रकाना रिकामा सोडा. क्रूझवाल्यांना आजच पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवून बुकिंगवरचं नाव जुळवून घ्या, पैसे भरण्याआधी ते विनाशुल्क बदलतात का ते विचारून.